बिनतक्रार म्हणे

बाई, परवा तुझी शोकसभा झाली. चामोर्शीच्या आपल्या दवाखान्याच्या पडवीत सतरंज्या टाकल्या होत्या. चांद्याच्या ऑफिसातून मोठे साहेब आले, त्यांच्यासोबत सामानाच्या कोठीचे बाबू आले. तुझा फोटो कुणाकडेच निघाला नाही, म्हणून टेबलावर नुसताच हार ठेवला होता. साहेब उभे राहिले आणि छान बोलले. त्यांना बोलता येतं. सेवा म्हणाले, त्याग म्हणाले, घनदाट अरण्य म्हणाले. आणि मग म्हणाले, "पाठीवर ओझं घेऊन गिरजाबाई गावोगाव हिंडल्या, पण त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द कधी निघाला नाही."

तुझा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. गोंडपिपरीहून तुझी पेटी आणि कपडे न्यायला आला होता बिचारा. धोतराच्या सोग्याने डोळे पुसता पुसता तो थांबला. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाई, हे कोनाबद्दल बोलून राह्यले?"

तेव्हा मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. पण संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. माणूस गेलं की त्याच्याबद्दल बरं बोलावं, हे मलाही कळतं. पण बरं बोलताना माणूसच बदलून टाकायचं, याला काय म्हणायचं? तू आणि बिनतक्रार! भातात खडा लागला तर तू घरधनिणीला नाही, ज्याने तांदूळ विकला त्या दुकानदाराला बाजाराच्या दिवशी गाठून बोलायचीस. विहिरीला कठडा नाही म्हणून पाटलाला त्याच्याच अंगणात उभं करायचीस. डोंगेवाला पिऊन आला तर डोंग्यात पाय न ठेवता काठावर बसून राहायचीस, आणि आपल्यामुळे साऱ्या उतारूंना बसावं लागायचं. तुझी कुरकुर म्हणजे अळणी कुरकुर नव्हती. तिला तिखटमीठ होतं, आणि तिच्यामागे नेहमी काहीतरी खरं असायचं.

सगळे तुला नर्सबाई म्हणत. मी नुसतं बाई म्हणायची, आपल्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. म्हणून तुला अगंतुगं करायचा हक्क माझा आहे, आणि आज भांडायचाही आहे.

मी तुझ्या हाताखाली नवी आले तेव्हा दवाखान्यातून पाठीवर बांधायचा एक पिट्टू मिळाला होता, आठवतं? लढाईतून उरलेला, खाकी कॅनव्हासचा, मागे लाकडी चौकट असलेला. पलटणीतल्या उंच, धिप्पाड माणसांसाठी शिवलेला. औषधांची मोठी पेटी कावडीवाला नेई. पण तो कधी मागे राही, कधी वाघाचा माग दिसला म्हणून परत फिरे. म्हणून बाळंतपणाचं सामान, उकळायची किटली, चादरी, आपले कपडे आणि चार-सहा दिवसांचा शिधा आपण पाठीवरच ठेवायचा, असा तुझा नियम होता. तो सगळा संसार मी त्या पिट्टूत कोंबला आणि घोटच्या रस्त्याने तुझ्यामागे निघाले. मला वाटलं होतं, पहिल्याच दौऱ्यात आपण मागे पडायचं नाही. गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर तू मला पुढे जायला सांगितलंस, आणि मागून चालत बराच वेळ नुसती पाहत राहिलीस.

मग म्हणालीस, "कुसुम, हा पिट्टू तुले घेऊन चालून राह्यला, का तू त्याले?"

खरंच, तो मला घेऊन चालत होता. चौकट पार माझ्या बसायच्या जागेवर आदळत होती. पट्टे खांद्यावरून बाहेर घसरत, म्हणून मी दोन्ही हातांनी ते छातीशी धरून चालत होते. सगळं ओझं मागे ओढत होतं आणि तोल सांभाळायला मी मान पुढे काढून बगळ्यासारखी निघाले होते. तू तिथेच पाळीवर माझं सामान उपसलंस. किटली तळाशी होती ती वर, पाठीशी चिकटवून ठेवलीस. चादरी बाहेरच्या बाजूला. म्हणालीस, जड ते पाठीला खेटून, हलकं ते लांब. आपण लहान मूल पाठीवर घेतो तेव्हा त्याला लांब धरतो का? पट्टे आवळलेस, एक जुनं धुडकं आडवं बांधून दोन पट्टे एकमेकांजवळ आणलेस. थोडं बरं झालं. पण तू समाधानी नव्हतीस. त्या दिवसभर तू त्या पिट्टूला, तो शिवणाऱ्याला आणि तो आपल्याला देणाऱ्याला शिव्या देत चाललीस. मला वाटलं, कसली तोंडाळ बाई पदरी पडली.

तुझी कुरकुर मला कळली ती दुसऱ्या वर्षी, पहाडाखालच्या त्या लहानशा वस्तीवर, टोल्यावर.

आपण दुपारी पोचलो. सकाळपासून चढ-उतार झाला होता आणि पट्टे माझ्या काखेच्या वर रुतून बसले होते. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, पण चालताना मी हात झटकत राहिले. टोल्यावर एक बाई नुकतीच बाळंत झालेली. मूल चांगलं होतं, वारही पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. गावची म्हातारी सुईण दारात उभी होती आणि आपल्याला पाहून नुसतीच बाजूला झाली. मी जवळ होते, मी आधी बसले. पोट दाबून, चोळून गर्भाशय घट्ट आणायचं, हे मला शिकवलेलं होतं. मी हात ठेवला आणि बाई, माझा हात माझा नव्हता. बोटं दिसत होती, पण दाबलं तर दबत नव्हतं. मनगट लोंबतं होतं. मी डाव्या हाताने उजवा हात धरून दाबायला लागले. तू एक नजर टाकलीस, मला खांद्याने बाजूला सारलंस आणि बसलीस.

किती वेळ तू तशी बसली होतीस कोण जाणे. घाम तुझ्या नाकावरून तिच्या अंगावर टपकत होता. रक्त थांबलं, मग थोडं आलं, मग पुन्हा थांबलं. ती बाई जगली. तिचं नाव जंगो होतं, आणि तू त्या वेळी तिच्याशी नाही, माझ्याशीही नाही, त्या कोपऱ्यात टेकवलेल्या पिट्टूशी बोलत होतीस. "मारली असती तुनं इले," असं म्हणालीस त्याला.

माझा हात दोन-तीन आठवड्यांनी ताळ्यावर आला. चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की खांद्याजवळची शीर पट्ट्याने दाबली गेली होती. पुढचा दौरा आला तेव्हा तू जाणार नाही म्हणालीस. पिट्टू बदलून मिळेपर्यंत एक पाऊल टाकणार नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, कंपाउंडरने समजावलं, मीही समजावलं. मी म्हणाले, नोकरी जाईल. तू म्हणालीस, "नोकरी गेली तं दुसरी भेटते. हात गेला तं कुठी भेटते?" आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन चांद्याला निघालीस.

डोंग्याने वैनगंगा ओलांडली, बैलगाडीने मूल गाव गाठलं. तिथे धानाच्या गिरणीवर तू थांबलीस आणि उशीच्या दोन खोळी भरून धान घेतलंस. मी विचारलं, हे कशाला. तू म्हणालीस, "रिकामा पिट्टू सगळ्याईलेच बसते." मग त्या खोळी मांडीवर घेऊन छोट्या रेल्वेगाडीत चांद्यापर्यंत बसलीस, जशी काही माहेरी निघाली आहेस.

तेव्हा नुकतंच राज्य बदललं होतं. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो होतो आणि ऑफिसच्या दारावर नव्या पाटीचा रंग ओला होता. मोठ्या साहेबांनी आपल्याला बसा म्हटलं नाही. तू उभ्याउभ्याच सगळं सांगितलंस, टोल्यावरच्या जंगोपासून माझ्या हातापर्यंत. ते ऐकून घेऊन म्हणाले, की हेच पिट्टू पाठीवर बांधून आपल्या जवानांनी ब्रह्मदेशात लढाया मारल्या. तू म्हणालीस, "मारल्या असतीन जी. पन ते लुगडं नेसून नाई गेले." कारकून खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, पिट्टू म्हणजे पिट्टू, त्यात निवडायचं काय असतं. तेव्हा तू अगदी शांतपणे विचारलंस, "चप्पल तं पाय पाहून घेता ना, साहेब?"

त्यांनी कोठी उघडून द्यायला सांगितलं. तुझं पटलं म्हणून नाही. आपण समोरून जावं म्हणून.

ती दुपार मी विसरणार नाही. पत्र्याच्या कोठीत पिट्टूंचा ढीग होता, छपरापर्यंत. उंदरांच्या लेंड्या, जुन्या ग्रीसचा वास. बाबू म्हणाले, सगळे एकाच मापाचे, वरचे दोन उचला. तू पदर खोचलास आणि ढिगात शिरलीस. एकाच मापाचे नव्हते ते. काही चौकटीचे, काही नुसत्या पिशव्या, काही आखूड, काहींना कमरेचा पट्टा, काहींचा तो कापून कुणी बैलाला बांधायला नेलेला. तू मला मान खाली घालायला लावलीस, मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं त्यावर बोट ठेवलंस, आणि तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत वितीने मोजलंस. म्हणालीस, माणसाची उंची काही कामाची नाही, पाठीची लांबी पाहायची. कुसुम, तू उंच आहेस ती पायांनी, पाठ तुझी आखूडच आहे. मला राग आला होता थोडा.

मग एकेक पिट्टू घ्यायचा, त्यात धानाची खोळ भरायची, आणि मी कोठीबाहेरच्या आवारात चालायचं. तू मागून पाहणार, पुढून पाहणार, वाकायला लावणार, ओट्यावर चढायला आणि उतरायला लावणार. आधी कमरेचा पट्टा, मग खांद्याचे, हे तेव्हाच शिकले. पट्टा कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे, पोटावर नाही. ओझं कुल्ल्यांनी वाहायचं, खांद्यांनी फक्त सांभाळायचं. पातळाच्या गाठीवर पट्टा आला की वळ उठतो, म्हणून गाठ बाजूला घ्यायची. खांद्याचा पट्टा रुंद हवा, मऊ हवा, मानेला घासता कामा नये आणि बाहेर घसरता कामा नये. पिट्टू डोक्याच्या वर गेला की बांबूच्या बनात अडकतो. पाठीला पुरता चिकटला की घामाने कातडी सोलून निघते. बाबू दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी एकदा म्हटलं, बाई, लग्नाचं लुगडं घेऊन राह्यल्या का? तू म्हणालीस, "लग्नाचं लुगडं एक दिवस नेसाचं असते, बाबू."

त्या अख्ख्या ढिगात लहान पाठीचा, धड पट्ट्यांचा, चांगला पिट्टू एकच निघाला. मी तो घालून आवारात फेरी मारली आणि मला खरं सांगते, पंख फुटल्यासारखं वाटलं. ओझं होतं, पण ते माझ्या अंगाचाच भाग झालं होतं. मी म्हणाले, बाई, हाच. तू तो माझ्या पाठीवरून उतरवलास, स्वतः घातलास, चाललीस, थांबलीस, आणि म्हणालीस, "हा मी ठेवून राह्यली."

आपण तिथे भांडलो. हात माझा गेला होता, मग पिट्टू माझा. तू म्हणालीस, तुझा हात तरणा आहे, भरून येईल; माझी पाठ जुनी आहे, ती आता भरून येणारी नाही. मी म्हणाले, मोठीने धाकटीला द्यायचं असतं. तू म्हणालीस, "कोनी सांगतलं? मोठीनं पह्यले घ्याचं असते, म्हनून तं ते मोठी." आणि घेतलास तो, बाई. लोक म्हणतील हे आज सांगायचं नसतं. मला तर हेच सांगायचं आहे. तू त्यागमूर्ती नव्हतीस. तुला तुझी पाठ प्यारी होती आणि तू ते तोंडावर सांगत होतीस. माझ्यासाठी तू ढिगातला दुसरा पिट्टू काढलास, चामोर्शीच्या बाजारातल्या चांभाराकडे दोन संध्याकाळी स्वतः बसून त्याची चौकट कापून घेतलीस, खांद्यांत लोकर भरून घेतलीस, पट्टा वर सरकवून घेतलास. तो मला उत्तम बसला. तरी मी दर दौऱ्यात तुला म्हणायची, चांगला तो तूच लाटलास. तू म्हणायचीस, मी मेल्यावर घेजो.

परवा कोठीचे बाबू तो परत जमा करायला मागत होते. मी दिला नाही. पण घेतलाही नाही. कपाटात आहे. हा वाद मला असा जिंकायचा नव्हता.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाच्या भरात ते राहून जाईल. पाठ मोकळी झाल्यावर मला रान दिसायला लागलं. त्याआधी मी फक्त तुझ्या टाचा पाहत चालत होते. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका, ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी साल, धानाच्या बांध्यांत उभे असलेले ढोक. तू चालता चालता बोट दाखवायचीस आणि लगेच कशावर तरी कुरकुर सुरू करायचीस. माझ्या मापाचा पिट्टू पाठीवर असताना मला तुझी कुरकुर गाण्यासारखी वाटायची. पुढे कोठीत आणखी आखूड पिट्टू आले. दुसऱ्या दवाखान्यांतल्या नर्सबायांना ते घालून, चालून, निवडून घेता येऊ लागले. ते तुझ्या तोंडामुळे झालं. साहेबांच्या भाषणात त्याचं नाव नव्हतं.

आता शेवटच्या दौऱ्याबद्दल. याबद्दल आपण बोललोच नाही, आणि आता मलाच दोघींचं बोलावं लागणार आहे.

दिवाळीच्या आधी तू चांद्याला गेली होतीस. पावसाळ्यानंतरचे दौरे थोडे पुढे ढकला, ताप फार आहे, गावंच्या गावं आडवी पडली आहेत, आपल्याकडे हिवतापावरचं कोयनेल पुरेसं नाही, असं सांगायला. परत आलीस ती गप्प होतीस. मी खोदून विचारलं तेव्हा जेवताना, पानाकडे पाहत तू सांगितलंस. साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "गिरजाबाई, हे ऑफिस तुमच्या तक्रारींना कंटाळलं आहे. एक दौरा तरी बिनतक्रार करून दाखवा."

मी म्हणाले, सोडून दे, त्यांचं काय ऐकतेस. तू म्हणालीस, "हाव." एवढंच. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी काय देव होते? ज्या बाईने डोंगेवाल्यापासून पाटलापर्यंत कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिला एका टेबलामागून बोललेलं एक वाक्य असं लागेल, हे कुणाला कळणार होतं.

आपण निघालो. धान पिवळं पडत होतं, सकाळी थंडी होती. तलावाच्या पाळीवर आलो, पहिला नाला ओलांडला, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग कळलं, तू बोलत नव्हतीस. कावडीवाला मागे राहिला होता, तू काही म्हणाली नाहीस. नाल्यावरचं लाकूड कुणी चोरून नेलं होतं आणि आपण मांडीपर्यंत भिजलो, तू काही म्हणाली नाहीस. मी थांबून विचारलं, बाई, काऊन वं गप्प? तू म्हणालीस, "काई नाई. चाल."

तिसऱ्या गावात तुझ्या हाताला माझा हात लागला आणि तो भाजला. मी म्हणाले, तुला ताप आहे, इथूनच फिरू. तू म्हणालीस, उन्हाने आहे. मी म्हणाले, माझ्याशी तरी खोटं बोलू नको. तू पिट्टू उचललास, आधी कमरेचा पट्टा बांधलास, मग खांद्याचे, अगदी नीट, जसं तू मला शिकवलं होतंस, आणि चालायला लागलीस. मी मागे धावले, पट्टा धरून ओढला, भर रस्त्यात. तू वळलीस. तुझे डोळे लाल झाले होते. म्हणालीस, "हा एक दौरा होऊ दे, कुसुम. मंग मी त्याईले असं ऐकवीन का..." आणि वाक्य अर्धं सोडून पुढे गेलीस.

ते वाक्य मला हवं आहे. काय ऐकवणार होतीस? मी रोज ते पुरं करून पाहते आणि तुझ्यासारखं जमत नाही.

टोल्यावर पोचल्यावर तू जंगोच्या अंगणात बसलीस आणि मला रमा म्हणून हाक मारलीस. रमा कोण ते मला परवा तुझ्या भावाने सांगितलं. तुमची लहानपणी गेलेली बहीण. माझ्याजवळचं कोयनेल मी तुला दिलं, ते उलटून पडलं. जंगोच्या नवऱ्याने आणि त्याच्या भावांनी बाज काढली, तिला बांबू बांधले, आणि तुला खांद्यावर घेऊन निघाले. माणसं बदलत गेली. एका गावचे लोक शिवेवर दुसऱ्या गावच्या लोकांच्या खांद्यावर बाज देत आणि गुमान मागे वळत. कुणी काही मागितलं नाही. तुझा पिट्टू मी पाठीवर घेतला होता आणि माझा पोटावर. घोटपासून बैलगाडी मिळाली. चामोर्शीच्या दवाखान्यात, सकाळी, लोक ओपीडीसाठी ओट्यावर येऊन बसत होते तेव्हा तू गेलीस. शुद्धीवर आलीच नाहीस.

म्हणून परवा साहेब म्हणाले, कधी तक्रार केली नाही, तेव्हा मला बसवेना. कारण त्या माणसाला ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं की तू आयुष्यात फक्त एका दौऱ्यात तक्रार केली नाहीस, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून. मी उभी राहिले. मी म्हणाले, "साहेब, गिरजाबाई तक्रार करत होत्या. रोज करत होत्या. त्यांनी तक्रार केली म्हणून माझा हात शाबूत आहे. ज्या एका दौऱ्यात केली नाही, त्यातून त्या परत आल्या नाहीत."

साहेब म्हणाले, "आजची वेळ ही नव्हे." मी म्हणाले, मग कोणती? ते बसले. डॉक्टरांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि सभा संपली. तुझा भाऊ जाताना मला म्हणाला, "हे बोलल्या ते बरं झालं. घरी सांगतो." बस्स. एवढंच झालं. साहेबांना काही वाटलं की नाही, मला माहीत नाही, आणि आता त्यांना काय वाटतं याची मला पर्वाही नाही.

माझा राग फक्त त्यांच्यावर नाही, बाई. तुझ्यावरही आहे. ते सांगायला तू समोर नाहीस, म्हणून हे लिहिते आहे. पट्ट्यासाठी भांडलीस, बक्कलासाठी भांडलीस, परक्या गावच्या विहिरीच्या कठड्यासाठी भांडलीस. आणि स्वतःच्या जिवाची वेळ आली तेव्हा त्यांना शहाणी बाई होऊन दाखवायला निघालीस. कशाला? कुणासाठी? पिट्टू मापाचा नसेल तर पाठीवर घेऊ नये, हे मला शिकवणारी तू. मग ते वाक्य का पाठीवर घेतलंस? ते तुझ्या मापाचं नव्हतं, बाई. ते कुणाच्याच मापाचं नव्हतं.

आज सकाळी मला हुडहुडी भरली. अंग मोडून आलं. उद्यापासून पहाडापलीकडचा दौरा लागला आहे आणि आता तो मला एकटीने करायचा आहे. दुपारी शिपाई दारात आला. साहेबांचा निरोप होता, की दौरा ठरल्याप्रमाणे व्हावा, आधीच बोभाटा फार झाला आहे. मी उठून बसले. भिंत धरून उभी राहिले. मनात आलं, जाऊन येऊ, एवढं काय. लोक म्हणतील, परवा सभेत तोंड चालवत होती आणि आज आडवी झाली.

मग मी शिपायाला म्हणाले, "सांग त्याईले, मले ताप आहे. मी नाई जात."

तो बिचारा चपापला. म्हणाला, असंच सांगू का? मी म्हणाले, असंच सांग, आणि हेही सांग की कोयनेल पाठवा, आणि बरी झाल्यावर सोबतीला दुसरी बाई असल्याशिवाय मी पहाडात जाणार नाही. तो पायरीवर थांबून हे सगळं पुटपुटत पाठ करत होता. त्याचं पाठ होईपर्यंत मी दारातच उभी राहिले, एक शब्द राहिला तो पुन्हा सांगितला, आणि मग कडी लावून झोपायला गेले.